मनगटावरचा मुकादम

अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीला जामीन मिळाला, पण अट अशी की गुगल मॅपवर पिन टाकायची, म्हणजे स्वारी कुठे आहे ते तपास अधिकाऱ्याला दिसेल. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी ही अट काढून टाकली. जामिनावर सुटलेल्याच्या मागे पोलिसांनी असं अष्टौप्रहर राहणं राज्यघटनेच्या कलम २१ ला मंजूर नाही, म्हणाले. त्यात गुगलनेच सांगून टाकलं होतं की पिन टाकल्याने माणूस हलला-डुलला तरी कळत नाही. एवढा खल झाला तो न चालणाऱ्या पाळतीवर!

नागपुरात ही अडचण नव्हती. तिथली पाळत चालायची. महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं चढवली. नेमून दिलेल्या बीटाची हद्द ओलांडली की नोंद, आणि नोंद झाली की पगाराला कात्री. पूर्वी मुकादम असायचा. खडूस असेल, पण ‘पोरगं तापलंय, तासभर जाऊन येते’ एवढं त्याला सांगता यायचं. घड्याळाला पोरगं नसतं.

शहर झाडणाऱ्या बाईला शहरात स्वच्छतागृह सापडत नाही, ही वेगळीच तऱ्हा. ते शोधत ती दोन गल्ल्या पलीकडे गेली की ‘कामावरून गायब’. चंडीगडच्या कामगारांनी अशाच घड्याळांविरुद्ध आवाज उठवला होता. घड्याळ अर्थातच राजीखुशीने घालायचं असतं. काढून ठेवलं तर फक्त गैरहजेरी लागते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं खरं, पण हजेरीपटावर त्याचं नाव अजून चढलेलं दिसत नाही.

महापालिकेचे साहेब सांगतात, बोगस हजेरी रोखायची होती. रोखा की! पण बोगस नावं यादीत घालतं कोण? झाडूवाली? तिच्या हाती झाडू असतो, हजेरीबुक नसतं. ती कुठल्या कोपऱ्यावर उभी आहे हे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांच्या जोरावर कळतं. हजेरीबुकवाले साहेब दुपारी तीन वाजता कुठे असतात, हे विचारायला गेलं की शिपाई म्हणतो, ‘साईटवर गेलेत.’ कुठल्या साईटवर, ते त्यालाही माहीत नसतं.