बूट कशावरून करतोस?

भेटल्यावर लोक तब्येत विचारतात, भाऊ विचारतात, "बूट कशावरून करतोस?" उत्तर 'मेमरी कार्डावरून' असं आलं की समोरच्याच्या घरी काही बरंवाईट झाल्यासारखे ते क्षणभर गप्प होतात.

पुण्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांच्या कपाटाची वरची फळी दोन-चार रास्पबेरी पाय आणि एक ओड्रॉइड अशा छोट्या कॉम्प्युटर-बोर्डांनी अडवली आहे. जे पॅकेज 'अ‍ॅप्ट'ने दोन मिनिटांत आयतं उतरतं, ते भाऊ रात्रभर जागून सोर्सपासून कंपाइल करतात. अर्थात कंपाइल हे निमित्त. खरा जीव अडकलाय तो स्टोरेजमध्ये.

तपकीर गल्लीतला दुकानदार त्यांना लांबूनच ओळखतो.

"साहेब, हे न्या. शंभर एमबी स्पीड!"

"तो सलग लिहिण्याचा. मला काय लग्नाचं शूटिंग करायचंय? रँडम राइट सांगा."

"ते वेगळं मिळतं साहेब. शेजारी विचारा."

भाऊंचं म्हणणं खोटं नाही. कंपायलर एक मोठी फाइल लिहीत नाही, बारीक बारीक हजारो लिहितो. आणि फ्लॅशमध्ये चार केबी बदलायचे म्हटले तरी पुसायचा ब्लॉक त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून भाऊ कार्ड उजेडात धरून त्यावरची बारीक अक्षरं वाचतात. 'ए-१' म्हणजे सेकंदाला किमान ५०० रँडम राइट, 'ए-२' म्हणजे २०००. पण ए-२चा तो वेग मिळायला बोर्डालाही कमांडची रांग लावता आली पाहिजे, आणि जुन्या बोर्डांना ती येत नाही. हे सगळं ऐकायला दुकानात गिऱ्हाइकांचीही रांग लागलेली असते, पण ते असो.

गेलेली कार्डं ते टाकत नाहीत. वहिनींच्या चांदीच्या करंड्यात ती नखाएवढी कार्डं ओळीने निजली आहेत, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि बॉलपेनने तिथी. एक उचलून म्हणाले, "याला वाचता येतं, लिहिता येत नाही. फाइल पुसा, रीबूट करा, परत हजर!" आवाजात कौतुकच जास्त होतं.

२०१९ साली पाय ४ला यूएसबी ३ आलं तेव्हा भाऊंनी पेढे वाटले. मग एसएसडी आणि तिच्या केबलीचं प्रकरण सुरू झालं. केबलीतली चिप नीट नसली की डिस्क ऐन कंपाइलमध्ये गायब व्हायची. केबल बरी निघाली तर वीज कमी पडायची आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची. कुणी घरी आलं की चहाच्या आधी चार्जर किती अँपिअरचा ते कळायचं.

अखेर २०२३च्या पाय ५ने पीसीआय एक्सप्रेस दिलं आणि एनव्हीएमई बसली. त्या रात्री भाऊंनी कर्नल कंपाइलला लावला. चारही कोअर शंभर टक्क्यांवर.

"मग आता लवकर होणार का हो?" वहिनींनी विचारलं.

"छे गं, डिस्कमुळे फारसा फरक नाही. आता प्रोसेसर अडवतोय." भाऊंचा चेहरा नुसता उजळला होता. "पण डिस्क बघ! काही काम नाही, नुसती बसून आहे!"

"घरात आणखी एक," असं म्हणत वहिनी आत गेल्या.