नावं मोबाइलवर, पत्रिका पेजमेकरवर

ऐन लग्नसराईत आमच्या गावच्या छापखान्यात गेलो होतो. ऑपरेटर दादांनी मोबाइल मॉनिटरला टेकवून ठेवला होता. मुलीकडच्यांची नावं मेसेजवर आलेली. एकेक नाव वाचायचं आणि पेजमेकरमध्ये पुन्हा टाइप करायचं. "आधी मेसेज याच मशीनवर उघडायचे. आता ब्राउझर अपडेट करा म्हणतं, आणि अपडेट काही होत नाही," दादा म्हणाले. मशीनवर विंडोज ७, रॅम दोन जीबी. बोलता बोलता 'वसंतराव'चं 'वंसतराव' झालं. प्रुफात सापडलं म्हणून, नाहीतर पाचशे पत्रिका वाया.

नवीन मशीन घ्या, असा सल्ला देणारे पुष्कळ. पण दादांचं सगळं काम पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर, आणि ते २००१ सालचं. त्याला युनिकोड कळत नाही, त्याचे मराठी फाँट वेगळे. पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, अहवाल त्यात पडून आहेत. जुनी फाइल उघडायची, नावं-तारखा बदलायच्या, की काम तयार. असल्या जुन्या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. छपाईचं काम आजही त्यावर चोख होतं. अडतो तो फक्त निरोप.

तो का अडतो? स्लॅक, सिग्नल, डिस्कॉर्ड यांची संगणकावरची अ‍ॅप्स इलेक्ट्रॉन नावाच्या साच्यावर उभी आहेत. म्हणजे प्रत्येक अ‍ॅपच्या पोटात क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच गाभा असलेला अख्खा ब्राउझर. कंपनीची सोय होते: एकदाच लिहायचं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालवायचं. त्या सोयीची किंमत दोन जीबीवाला मोजतो. 'हो, छापा' एवढं वाचायला ब्राउझर जागा करावा लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोम ११० ने विंडोज ७ आणि ८.१ सोडलं, त्याच महिन्यात इलेक्ट्रॉन २३ ने सोडलं, आणि त्यावरच्या अ‍ॅप्सची वाटही बंद होत गेली. व्हॉट्सॅपने तर मे २०१६ मध्ये संगणकाचं अ‍ॅप काढलं तेव्हाच विंडोज ८ किंवा पुढचं हवं अशी अट घातली होती. त्या वेळी विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार संपायला अजून साडेतीन वर्षं होती!

इलाजच नाही, हे मी मान्य करत नाही. टेलिग्रामचं संगणकावरचं अ‍ॅप सी++ भाषा आणि क्यूट (Qt) हे टूलकिट वापरून लिहिलेलं आहे. तेही तिन्हीकडे चालतं, आणि विंडोज ७ वरही. जमतं, फक्त मेहनत घ्यावी लागते.

जुन्या विंडोजला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, हा धोका खराच. त्या मशीनवर बँकेचं काम करू नका. 'विंडोज ७ साठी खास' म्हणून कुठूनही मिळणारी सेटअप फाइल तर मुळीच चढवू नका. बाकी काही नाही तरी जुन्या फाइली हातच्या जातील.

मूळ दुखणं निराळं आहे. ईमेलचे नियम खुले आहेत, त्यामुळे कुणीही हलका प्रोग्रॅम लिहू शकतो. व्हॉट्सॅपसारख्या मेसेजच्या अ‍ॅपला कंपनीचं कुलूप, दुसऱ्याने लिहायची सोयच नाही. युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट करून व्हॉट्सॅपला इतर मेसेज सेवांसाठी दार उघडायला लावलं. मार्च २०२४ पासून ते बंधन लागू आहे. आपल्याकडे तर दुकानदाराचा अर्धा धंदा मेसेजवर चालतो. असा कायदा आपल्यालाही हवा, आणि तो मागायला व्यापारी संघटनांनी पुढे यायला हवं.

तोवर पत्रिका छापायला देणाऱ्यांना एक विनंती: नावं मोबाइलवर पाठवलीत तरी प्रूफ दुकानात जाऊन बघा, ओळ न् ओळ वाचा आणि मगच सही करा.