नावे डावीकडे, जमा उजवीकडे

पुण्याला जायची एसटी सकाळी सहाची असेल, तर आमचे सर साडेचारला स्टँडवर हजर असतात. पाचची गाडी समोरून रिकामी गेली तरी ते तिच्यात बसत नाहीत, कारण तयारी सहाच्या गाडीची झालेली असते. पिशवीत टॉर्च, सुतळी, सेफ्टी पिना, दोन केळी आणि केळी नासलीच तर ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांची त्यांना कीव येते. त्यांनी स्वतः जन्मभर विहिरीच खणल्या आहेत. पाणी प्यायला मात्र त्यांना फारसा वेळ झालेला नाही.

कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात सर अकाउंट्स शिकवायचे. मी त्यांचाच विद्यार्थी. आता त्याच विभागात तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे तास झाला तर पैसे, नाही झाला तर नमस्कार. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षी दिवाळीपर्यंत आम्ही त्यांच्या तासाला वही आखत होतो. तारीख, तपशील, रोजकीर्द पान, रक्कम. डाव्या अंगाला हे चार रकाने, उजव्या अंगाला तेच चार. तपशिलाचा रकाना बोटाच्या पेरानं नाही, पट्टीनं मोजायचा. मग सर मधल्या रेघेवर खडूनं टकटक करत म्हणायचे, "नावे डावीकडे, जमा उजवीकडे. जग बुडालं तरी बाजू बदलायची नाही."

मार्च 2020 मध्ये जग बुडायची बातमी आली. 22 तारखेला आम्ही गॅलरीत थाळ्या वाजवल्या आणि तीन दिवसांनी देश बंद झाला. आम्ही बाकीचे मास्तर पत्ते काढून बसलो. सरांनी मात्र त्याच आठवड्यात दोनशे पानी वही काढून पहिल्या पानावर लिहिलं, 'ऑनलाइन सत्र : पूर्वतयारी'. अजून असं काही सत्र असेल असं शासन, विद्यापीठ आणि प्राचार्य यांच्यापैकी कोणाच्याही मनात आलेलं नव्हतं.

पहिले तीन महिने वेबिनारांत गेले. त्या उन्हाळ्यात वेबिनारांचं पीक किती आलं होतं ते शिक्षकी पेशातल्या माणसांना वेगळं सांगायला नको. शेवटी एक फॉर्म यायचा, तो भरला की प्रमाणपत्र ईमेलवर. काहींना तर वेबिनारचीही गरज नव्हती. 'कोरोना जागृती'वरचे दहा प्रश्न सोडवायचे, चार बरोबर आले की आपण जागृत. सरांनी अशी एकसष्ट प्रमाणपत्रं मिळवली. षष्ट्यब्दीला एक जास्त असावं म्हणून. त्यातलं एक 'ऑनलाइन अध्यापनातील देहबोली' या विषयावरचं होतं. त्या कार्यक्रमात सरांचा कॅमेरा बंद होता.

जूनपासून घराकडे मोर्चा वळला. हॉलची पूर्वेकडची भिंत वर्गासाठी जाहीर झाली. तिथला शोकेस, शोकेसमधल्या बाहुल्या आणि काकूंची शिवणाची मशीन स्वयंपाकघरात गेली. सुतार मिळेना, तेव्हा सरांनी जुन्या कपाटाची पाठ सोडवली, तिला फळ्याच्या काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि ती भिंतीला ठोकली. मोबाइलचा स्टँड म्हणून लोणच्याची बरणी आली. बरणीत लोणचं होतं, कारण रिकामी बरणी कलंडते हे त्यांनी दोन दिवस प्रयोग करून ठरवलं होतं. त्यामुळे त्या वर्षी घरातलं लोणचं वरच्या फोडीवरच थांबलं. काकूंनी एकदा चमचा घातला, तर फोन दीड अंशानं झुकला म्हणून सरांनी त्या दिवशीची तालीम रद्द केली.

तालमी रोज होत होत्या. विद्यार्थी नव्हते, पण ती उणीव सरांना फारशी जाणवलेली दिसली नाही.

मग वेळेचा हिशेब. झूमवरची फुकट बैठक चाळीस मिनिटांत आपोआप संपते हे कळल्यावर सरांनी त्या चाळीस मिनिटांचं अंदाजपत्रक मांडलं. पोरं आत यायला पाच, हजेरीला सहा, 'आवाज येतोय का' याला तीन, 'तुझा माइक बंद कर'ला चार. असं करता करता शिकवायला अकरा मिनिटं शिल्लक निघाली. "अकरा पुष्कळ झाली रे," सर मला म्हणाले. "वर्गात तरी आपण याहून जास्त कुठं शिकवतो?" अशी प्रामाणिक नोंद मी दुसऱ्या कोणत्याही प्राध्यापकाच्या तोंडून ऐकलेली नाही.

खरा घोळ ऑक्टोबरात झाला. फळा आला, बरणी आली, प्रकाशासाठी देवघरातला बल्ब आला, आणि सरांनी प्रथमच फळ्यावर लिहून मोबाइलच्या पडद्याकडे पाहिलं. अक्षरं उलटी! 'नावे' उजवीकडे, 'जमा' डावीकडे. सरांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी त्यांना इतक्या उघडपणे खोटं पाडलं नव्हतं. त्यांनी रात्री साडेनऊला फोन करून मला बोलावलं. संचारबंदी नव्हती, पण मी तोंड बांधून चोरासारखा गेलो.

"सर, पुढचा कॅमेरा आपल्याला आपलंच रूप आरशासारखं दाखवतो," मी म्हणालो. "पोरांना सरळच दिसतं."

"म्हणजे माझ्या डोळ्यांना दिसतं ते खोटं, आणि तू सांगतोस ते खरं?"

"हो सर."

"व्हाउचर दाखव."

अकाउंट्सच्या माणसाशी इथं वाद संपतो. पावतीशिवाय नोंद नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आणि माझ्याकडे पावती नव्हती, कारण माझ्या फोनचा त्या दिवसाचा दीड जीबी डेटा संपला होता. "सकाळी दाखवतो," म्हणून मी घरी आलो. सकाळपर्यंत सरांचा निर्णय झालेला होता. पडदा उलटं दाखवतो ना? मग आपणच उलटं लिहायचं, म्हणजे पडद्यावर सुलटं दिसेल. ताळेबंदाचं तर त्यांनी मला विशेष करून दाखवलं. आपल्याकडे देयता डावीकडे आणि मालमत्ता उजवीकडे मांडायची रीत, अमेरिकेत मालमत्ता डावीकडे. "बघ, या फोनमध्ये आपला ताळेबंद अमेरिकन होतोय. हे मी चालू देणार नाही."

मी पुन्हा पावतीचा विषय काढला, पण आता सरांच्या मागे इतिहास उभा होता. दुहेरी नोंद पद्धतीवरचं पहिलं छापील विवेचन लुका पॅसिओलीचं, 1494, व्हेनिस. हे ते दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचे. (पद्धत त्यानं शोधली नव्हती, व्यापारी ती आधीपासून वापरत होते, त्यानं ती छापली. यावर परीक्षेत एक मार्क असायचा.) हा पॅसिओली लिओनार्दो द विंचीचा स्नेही. त्याच्या 1509 साली छापलेल्या एका गणिताच्या पुस्तकाची चित्रं लिओनार्दोनं काढली आहेत. आणि लिओनार्दो स्वतःच्या वह्या उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारख्या उलट्या अक्षरांत लिहायचा. सर विजयी मुद्रेनं म्हणाले, "आमच्या विषयाच्या घरातलीच विद्या आहे ही!"

पुढचे तीन आठवडे सर उलटं लिहायला शिकत होते. काना अलीकडे, वेलांटी पलीकडे. 'ख' उलटा काढून बघा, म्हणजे त्यांच्या कष्टांची कल्पना येईल. 'श्री' तर त्यांना दसऱ्याच्या मुहूर्तावर जमला. त्या दिवशी काकूंनी श्रीखंड केलं होतं, ते श्रीसाठी की दसऱ्यासाठी हे मी विचारलं नाही.

यूजीसीनं पहिल्या वर्षाच्या वर्गांसाठी 1 नोव्हेंबर ही तारीख दिली होती. त्या दिवशी रविवार होता. तरीही सर सकाळी दहाला कोट घालून बरणीसमोर बसून राहिले. तास सुरू झाला सोमवारी. विभागातला कनिष्ठ म्हणून मीही आत होतो, कॅमेरा बंद करून. पटावर एकशे वीस, आत आले त्रेसष्ट. त्यात एकाचं नाव 'रेडमी', दोघांचं 'पप्पा' आणि एकाचं 'बळीराजा'. बळीराजा उसाच्या फडात उभा होता, मागून मोटारीचा आवाज येत होता. एका मुलीच्या घरी कुकरनं चौथी शिट्टी दिली, तेव्हा सरांनी हजेरी थांबवून "गॅस बारीक करा" अशी सूचना केली. तीस मिनिटं संपली तेव्हा सर सूचना क्रमांक सतरावर होते. मग ते उठले, फळ्याकडे वळले, आणि तीन आठवड्यांची तपश्चर्या त्यांनी झरझर खडूनं उतरवली.

पडद्यावर शांतता पसरली. मी कपाळाला हात लावला.

"सर," रेडमीतून आवाज आला, "हे मोडी हाय का?"

"मोडी नाही, मराठी आहे. नीट बघ."

थोडी खुसपुस झाली, मग रेडमीच म्हणाला, "सर, आज्जाला दाखवलं. आज्जाला मोडी येतंय. त्यो म्हणतोय, ही मोडी न्हाई."

"आजोबांना नमस्कार सांग आणि फोन तुझ्याकडे घे," सर म्हणाले. इतक्यात एक मुलगी बोलली. वर्गात तोंड उघडलं नसतं अशी मुलगी असावी, आवाज अगदी बारीक होता. "सर, फोनला आरसा लावला की वाचता येतंय." बासष्ट घरांत धावपळ उडाली. कोणी दाढीचा आरसा आणला, कोणी कपाटाचा. फडातल्या बळीराजानं मोटरसायकलचा आरसा पिरगाळून फोनसमोर धरला. सरांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. आरसे कशासाठी आले हे त्यांना कळलंच नव्हतं. पोरं साहित्य घेऊन बसली आहेत, एवढंच त्यांना दिसत होतं. "याला म्हणतात तयारी!" ते म्हणाले, आणि चाळीस मिनिटं पूर्ण होऊन बैठक संपली.

पावती शेवटी काकूंनी दिली. त्याही आपल्या फोनवरून तासाला बसल्या होत्या, स्वयंपाकघरात, शोकेस आणि शिवणाच्या मशीनच्या मधे. त्यांनी पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. सरांनी तो चष्मा लावून, चष्मा काढून, मग खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"अगं, हे उलटं दिसत होतं तर बोलली का नाहीस?"

"मला काय माहीत? म्हटलं, तुमचं कॉमर्स तसंच असेल."

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर सरळ लिहिलं. पण आता पोरं तयारीची झाली होती. सगळ्यांनी आधीपासून आरसे लावून ठेवले होते. त्यामुळे पहिली दहा मिनिटं बासष्ट वह्यांमध्ये जमा डावीकडे उतरली. मी न राहवून माइक उघडला आणि "आरसे काढा" असं ओरडलो. त्या सत्रात विद्यार्थ्यांनी माझं ऐकलेलं हे एकच वाक्य. त्या तासाचं मानधन मला मिळालं नाही, कारण तास सरांचा होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. दिवाळीची सुट्टी झाली, तास झाले, काही झाले नाहीत. 15 फेब्रुवारी 2021 पासून निम्म्या हजेरीनं कॉलेज उघडायला परवानगी मिळाली. आमच्याकडे एक दिवस विषम हजेरी क्रमांकांची पोरं, एक दिवस सम. सरांनी आदल्या रात्री टेप घेऊन वर्गात सहा-सहा फुटांवर खडूचे गोल काढले, बाकांवर नंबर टाकले, खिशात खडूचे दोन तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत घेतले. विषम दिवशी चार पोरं आली. त्यातली दोन सम होती. फळ्यावर लिहिता लिहिता सरांचा हात मधेच थांबला, आणि आपण कोणत्या बाजूनं सुरुवात केली ते त्यांनी वळून मला विचारलं. मग महिन्याभरात कॉलेज पुन्हा बंद झालं. परीक्षा ऑनलाइन झाली, बहुपर्यायी, चारातला एक गोल निवडायचा. एकाही विद्यार्थ्याला एकही रकाना आखावा लागला नाही. या परीक्षेच्या तयारीसाठी सरांनी आखीव कागदांचं एक रीम मागवून ठेवलं होतं. ते अजून तसंच आहे, मी हिशेबाला दोन-चार कागद मागून आणतो.

सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाचं भाषण त्यांनी तीन महिने आधी लिहून ठेवलं होतं आणि समारंभाला ते घरी विसरले. बरणी पुन्हा लोणच्याच्या कामी लागली, शोकेस हॉलमध्ये परतला. फळा मात्र भिंतीवरून निघेना, खिळेच तसे ठोकले होते. काकू आता त्यावर दुधाचा हिशेब मांडतात. पट्टीनं आखलेले रकाने, तारीख, तपशील, लिटर, रक्कम, सगळं चोख. नावे उजवीकडे, जमा डावीकडे. तो पहिला तास तेवढा त्यांनी पूर्ण पाहिला होता.