आकाशदर्शन मंडळातून सुखरूप बाहेर कसे पडावे
(फक्त अचलपूर-परतवाडा परिसरासाठी)

आकाशदर्शन मंडळात शिरायला काही लागत नाही. एखाद्या संध्याकाळी कुणीतरी दुर्बिणीतून शनीची कडी दाखवतो, तुम्ही "अरे बापरे" म्हणता, आणि तेवढ्यात तुमचा मोबाइल नंबर लिहून घेतला जातो. बाहेर पडायचं मात्र शास्त्र आहे, आणि ते आजवर कुणी लिहून ठेवलेलं नाही. पुण्या-मुंबईच्या मंडळींना त्याची गरज नसावी. तिथं माणूस दोन महिने दिसला नाही तर त्याची बदली झाली असं धरून चालतात. अचलपुरात दोन दिवस दिसला नाहीत तर तिसऱ्या दिवशी किराणा दुकानात विचारणा होते, "काहून भाऊ, बरं नाई काय?"

मंडळ एक दिवस आपसूक बंद पडेल आणि आपण सुटू, या भरवशावर राहू नये. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 साली निघाली, ती अजून चालू आहे. अचलपुरातून इमादशाही गेली, निजामाचा अंमल गेला, इंग्रज परतवाड्याची छावणी सोडून गेले. हौशी मंडळ कधी जाईल ते सांगता येत नाही.

आपण कोण, हे आधी ठरवा

इथंच बहुतेकांची गफलत होते. माणसाला वाटतं, देवयानी दीर्घिका आपल्याला नुसत्या डोळ्यांनी सापडते, ती पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर आहे हे तोंडपाठ आहे, म्हणून मंडळाचं आपल्यावाचून अडेल. काही अडत नाही. आकडे प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. आपल्याकडच्या मंडळात माणसं चारच जातीची असतात: गच्चीवाला, गाडीवाला, रोडगेवाला आणि उरलेले सगळे ज्ञानी.

ज्ञानी माणसानं हे मार्गदर्शन इथंच मिटून ठेवावं. उद्यापासून जाऊ नये, बस. पुढच्या अमावस्येला कुणीतरी म्हणेल, "थो मंगळावर लय बोले, थो कुठी गेला?" दुसरा म्हणेल, "माहीत नाई बावा," आणि विषय संपेल.

गाडीवाल्याचं काम अवघड आहे. परतवाड्याच्या दिव्यांत मृगाचा पट्टा दिसतो, पण त्याखालचा तेजोमेघ चाचपडावा लागतो. म्हणून अंधार शोधायला चिखलदरा. घाट चढून हजार मीटरच्या वर गेलं की आकाशगंगा अंगावर येते, पण तिथवर पोचायला गाडी लागते. पुन्हा हे सगळं अमावस्येला, म्हणजे ज्या रात्री घरची माणसं दारातून पाय बाहेर टाकू देत नाहीत, त्या रात्री मेळघाटच्या रस्त्यानं, अस्वलाच्या वस्तीतून. गाडीवाल्यानं गाडी विकावी. दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही. दुरुस्तीला टाकली असं सांगाल तर मंडळात एकाचा मेहुणा मेकॅनिक निघतो.

गच्चीवाल्यासाठी विशेष सूचना

सगळ्यात कठीण अवस्था याची. मंडळ त्याला सभासद म्हणतं, प्रत्यक्षात तो जागामालक असतो. रात्री एक वाजता स्लॅबवर पावलं वाजतात. खाली झोपलेली आई विचारते, "कोन आलं रे?" वर सहा जण अंधारात एकमेकांचे पाय तुडवत असतात. विजेरीला लाल पतंगी कागद गुंडाळलेला, का तर अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडानं पुन्हा कोरे होतात आणि परत सरावायला वीसेक मिनिटं जातात. त्या लाल उजेडात मिरच्या वाळत घातलेलं फडकं दिसत नाही. सकाळी मिरच्या गच्चीभर असतात आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर कुणाचा तरी चष्मा. दहिवरानं गादी ओली झालेली असते. "वहिनी, तेवढा चहा" हे वाक्य तर रात्रीतून इतक्यांदा जिन्यातून खाली उतरतं, की ते तारकापुंजांच्या यादीत घालायला हरकत नाही.

विदर्भातले गोंड सप्तर्षींच्या चार ताऱ्यांत एक खाट पाहतात आणि मागच्या तीन ताऱ्यांत तिच्या मागे लागलेले चोर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास केला, त्यात हे आलं आहे. आमच्या म्हाताऱ्या माणसांनाही सप्तर्षींपेक्षा ती खाटच लवकर ओळखू येते. गच्चीवाल्यानं या गोष्टीकडे पुराणकथा म्हणून पाहू नये. खाट त्याची असते आणि चोर मंडळाचे.

उपाय सरकारी आहे. पीएम सूर्यघर योजनेत अर्ज करा. तीन किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळतं आणि साधारण तीनशे चौरस फूट गच्ची कायमची अडते. विजेचं बिल उतरतं ते वेगळंच. मंडळाला सांगताना आवाजात खंत असावी. "काय करू, पोरानं ऐकलंच नाई." एका ताऱ्यासाठी बाकीच्या सगळ्यांना गच्चीवरून खाली उतरवल्याबद्दल तुम्हाला कुणी बोल लावू शकणार नाही, कारण सूर्य हा तारा आहे हे व्याख्यान त्यांनीच शाळाशाळांतून दिलेलं असतं.

रोडगेवाल्याबद्दल थोडक्यात. त्याला बाहेर पडता येत नाही. डिसेंबरच्या 13-14 तारखेच्या रात्री मिथुनेतल्या उल्कांसाठी जे वीस जण जमतात, त्यातले अर्धे गोवऱ्यांच्या आहारात भाजलेल्या रोडग्यांसाठी आणि वांग्याच्या भाजीसाठी आलेले असतात. आहाराच्या उजेडात फिक्या उल्का दिसत नाहीत अशी तक्रार करणारा एखादा निघतो. त्याला दोन रोडगे जास्त वाढले जातात. आठवड्याभरात बहिरमची यात्रा भरते, तोवर सगळ्यांना हंडीची आठवण यायला लागलेली असते आणि रोडगेवाल्याचा भाव आणखी चढतो. त्यानं निमूट रोडगे भाजावेत.

मुहूर्त

अमावस्येला निघू नये, त्या दिवशी सगळे हजर असतात. पौर्णिमा बरी वाटते, कारण चांदण्यात काही दिसत नाही. पण काही दिसत नसलं की मंडळी तुमचं मन वळवायला मोकळी असतात. उत्तम काळ म्हणजे ऑगस्टची 12-13 तारीख. ययातीतल्या उल्का दरवर्षी याच रात्री जोरात असतात आणि वऱ्हाडातलं आभाळ दरवर्षी याच सुमाराला भरलेलं असतं. ताडपत्री गुंडाळून घरी निघताना सभासदांचं मन खचलेलं असतं. कुणीतरी 22 जुलै 2009 काढतोच. त्या पहाटे खग्रास ग्रहणाची सावली सुरतेवरून भोपाळकडे गेली, सातपुड्याच्या पलीकडून. आपल्या वाट्याला खंडग्रास आलं, तेही पावसाळ्यात. हा विषय निघाला की सावकाश चपला घालाव्यात.

कारण काय सांगावं

"वेळ मिळत नाही" हे कारण चालत नाही. चार अब्ज वर्षांच्या गप्पा मारणाऱ्यांपुढे ते फार थिटं पडतं. "मोतीबिंदू झाला" म्हणाल तर तुम्हाला फोटो काढायच्या तुकडीत घालतील, तिथं सगळं काम कॅमेरा करतो.

"घरात लग्न आहे" हे आपल्याकडचं हुकमी कारण, पण या मंडळात जपून. त्यांना शुक्र कुठं आहे ते माहीत असतं. शुक्र सूर्याच्या पलीकडून जाताना दोनेक महिने दिसत नाही, आणि शुक्राच्या अस्तात लग्नाचे मुहूर्त नसतात. पत्रिकेवर यांचा काडीचा विश्वास नाही, पण तुमची थाप पकडायला ते पंचांगाचा आधार घेतात. "शुक्र तं अजून लोपलेला हाय ना भाऊ. कोनत्या भटानं मुहूर्त काढला?" त्यामुळे लग्न काढायचंच असेल तर शुक्र संध्याकाळी पश्चिमेला चांगला ठळक दिसायला लागल्यावर काढा.

निरोपाच्या वेळी "पुन्हा भेटूच" असं म्हणावं लागतं. तारीख दिलीत तर विश्वास बसतो. शुक्राचं अधिक्रमण 2004 आणि 2012 साली झालं. पुढचं डिसेंबर 2117 मध्ये आहे. "पुढच्या अधिक्रमणाला नक्की येतो" असं लेखी द्यायला हरकत नाही.

दुर्बिणीची वाटणी

भावाभावांत शेत वाटून घेताना तलाठी असतो. इथं कुणी नसतं. दुर्बीण बाजारातली असेल तर वर्गणी परत मागून मोकळं व्हावं (मिळणार नाही, पण मागावी). खरी पंचाईत आरसा हातानं घासलेला असला तर होते.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सहा इंची काचेच्या दोन जाड चकत्या घेतात. एक ड्रमवर पक्की बसवतात, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालतात, आणि दुसरी तिच्यावर पुढे-मागे रगडत ड्रमभोवती फिरत राहतात. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइडनं पॉलिश. वरची काच हळूहळू खोलगट होते, खालची तेवढीच फुगते. आठवडेच्या आठवडे सहा माणसं घाण्याच्या बैलासारखी फिरतात आणि 48 इंच नाभीय अंतराचा आरसा तयार होतो, मध्यभागी जेमतेम सव्वा मिलिमीटर खोल. एवढ्यासाठी ते सगळं.

तर सोडून जाताना तुम्ही म्हणणार, "माझा हिस्सा द्या." मंडळाचे हिशेबनीस शांतपणे विचारतील, तुम्ही काय केलं? तुम्ही काच घासली. घासलेली काच कुठं गेली? धुताना बादलीत गेली. तेव्हा त्या बादलीच्या तळाशी बसलेला करडा गाळ हा तुमचा हिस्सा, हा त्यांचा न्याय, आणि त्यात खोट काढता येत नाही. फार भांडलात तर खालची, फुगलेली काच देतील. ती घ्यावी. वजन तेवढंच, मेहनत तेवढीच, दिसत मात्र तिच्यातून काही नाही. टेबलावरचे कागद पंख्यानं उडू नयेत म्हणून ठेवता येते.

फोन

व्हॉट्सअ‍ॅपनं 2022 पासून गुपचूप बाहेर पडायची सोय केली आहे; तुम्ही गेलात हे फक्त अ‍ॅडमिनला कळतं. इथं तिचा उपयोग नाही, कारण मागच्या भांडणात समेट म्हणून सगळ्यांनाच अ‍ॅडमिन केलेलं असतं.

बाहेर पडलात तरी उत्तरं द्यायची सवय जात नाही, तीही सांभाळावी. व्हॉयेजर 1 हे यान 1977 साली निघालं, ऑगस्ट 2012 मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या जागेत गेलं, आणि अजून इकडे कळवत असतं. तुमचं तसं होऊ देऊ नका. "आज गुरूशेजारी तो ठिपका कोणता?" असा निरोप आला की बोटं शिवशिवतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

गावाचं काय करावं

मंडळ सुटलं तरी गाव सुटत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. संकष्टीला समोरच्या काकू गॅलरीतून विचारणारच, "आज चंद्र कधी निघते जी?" घरात दिनदर्शिका टांगलेली असते, तीत वेळ छापलेली असते, तरी विचारतात, कारण ढग आहेत आणि दिनदर्शिकेला ढगाचं विचारता येत नाही. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी बिलनपुऱ्यातला जुना मित्र फोन करतो: "भाई, दिखा क्या?" तुम्ही सांगता, मी सोडलं ते. तो म्हणतो, "वो ठीक है, लेकिन दिखा क्या?" या दोघांना उत्तर द्यावं. ते मंडळात धरलं जात नाही.

शून्य सावलीच्या दिवशी मात्र घरातच राहा. अचलपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम दोन अंशांवर आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा ऐन डोक्यावर येतो: मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला. जुलैतल्या दिवशी बहुधा ढग. म्हणजे उरला मे. पारा पंचेचाळीसकडे, वेळ दुपारी सव्वाबाराची, आणि मंडळी डांबरी रस्त्यावर एक सरळ नळी उभी करून तिची सावली गायब व्हायची वाट पाहत असतात. त्यांना पाण्याची बाटली द्यायला म्हणून तुम्ही बाहेर गेलात, की त्यातला एक जण तुमच्या हातात नळी देतो, "जरा धरा तं, मी आलोच," आणि सावलीत जाऊन बसतो. मग तुम्ही पुन्हा सभासद.

शेवटची अडचण

वरचं सगळं काटेकोर पाळलं, पॅनल बसले, फुगलेली काच घरी आली, लेखी राजीनामा दिला, तर मंडळ बैठक बोलावतं आणि तुम्हाला अध्यक्ष करतं. सोडून जाणाऱ्याला थांबवायची आपल्याकडची ही जुनी रीत आहे, ग्रामपंचायतीपासून गणेश मंडळापर्यंत. हार आणलेला असतो, ज्येष्ठ सर भाषणात "यांच्याशिवाय आपण" म्हणतात, मागून चहा येतो. नाही म्हणू नका, त्यानं आग्रह वाढतो. हार घाला, खुर्चीत बसा, आणि पहिल्याच बैठकीत अध्यक्षांच्या अधिकारात दोन ठराव मांडा. एक, यापुढे कार्यक्रमाच्या जागी रोडगे भाजण्यास मनाई, धुरानं दृश्यमानता घटते म्हणून. दोन, वार्षिक वर्गणी दुप्पट.

दुसऱ्या ठरावावर थोडी चर्चा होईल. पहिल्यावर तुमची मुक्तता तिथल्या तिथे, बिनविरोध.