कुलाब्याहून कुलाब्याला

लग्नाला पंचवीस वर्षं झाली की आईबापांना दोन दिवस कुठंतरी धाडायची पोरांना फार घाई. घर मोकळं मिळतं, वर पुण्यही पदरात पडतं. आमच्या पोरांनी आम्हाला अलिबागला धाडलं. शनिवार-रविवार, फेब्रुवारीतला.

नवऱ्याची अट एकच होती: निवांतपणा. त्यासाठी त्याने सोबत गाडी घेतली. 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो जाते, म्हणजे आपली गाडी बोटीच्या पोटात जाते. गाडीच्या पोटात लॅपटॉप होता आणि लॅपटॉपच्या पोटात अख्खं ऑफिस. मांडव्याला उतरलो तेव्हा मुंबईतून फक्त आमचा फ्लॅट यायचा राहिला होता.

उतरलो एका वाडीत, घरगुती खोलीत. शेजारच्या बंगल्यात पोहण्याचा तलाव होता, तिथून चालत पाच मिनिटांवर अरबी समुद्र. तलाव फुल्ल, समुद्र रिकामा. समुद्राला पायऱ्या नसतात आणि गाणी लावायची सोय नसते, हे त्याचं जुनं दुखणं.

दीड वाजता आम्ही कुलाबा किल्ला बघायला किनाऱ्यावर हजर. किल्ला समोरच होता, पण मधे पाणी. चांगलं गळ्याएवढं. 1680 मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला, तो असाच बेत डोळ्यांपुढे ठेवून. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज जोडीने आले आणि हात हलवत परत गेले. त्यांच्याकडे निदान तोफा होत्या. आमच्याकडे टोपी, पाण्याची बाटली आणि सेल्फी स्टिक. आम्हीही जोडीनेच परत फिरलो.

"पण ऑनलाइन तर किल्ला उघडा दाखवतंय," फोनमधून डोकं न काढता नवऱ्याने वाडीतल्या काकूंना सुनावलं.

"किल्ला उघडाच आहे हो," काकू म्हणाल्या, "रस्ता पाण्याखाली आहे." मग त्यांनी आम्हाला एकदा नीट न्याहाळलं आणि विचारलं, "मुंबईहून आलात काय?"

'अलिबाग से आया है क्या' हे वाक्य मुंबईने आणि हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं अडाण्याला उद्देशून वापरलं. त्याविरुद्ध एक अलिबागकर 2019 मध्ये उच्च न्यायालयात गेले, याचिका फेटाळली गेली. कोर्टात जे मिळालं नाही ते काकूंनी ओसरीवर, सुपारी कातरता कातरता, तीन शब्दांत वसूल केलं.

मग त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवलं. "आज द्वितीया. बे पाऊण दीड. दीडला भरती पुरी. त्यात सहा मिळवा, साडेसातला सुकती. पण तेव्हा अंधार. उद्या तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे सकाळची सुकती सव्वाआठला. उधाणाचे दिवस आहेत, पाणी लांब जाईल. सातला निघा."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. कोकणातले दर्यावर्दी हे गणित पिढ्यान्‌पिढ्या तोंडी करत आले. आमच्या शाळेने पाऊणकी कालबाह्य म्हणून काढून टाकली आणि त्या जागी आम्हाला काय शिकवलं, ते आता आठवत नाही. नवऱ्याने खातरजमा म्हणून ॲपवर भरतीची वेळ पाहिली. दहा-पंधरा मिनिटांचा फरक निघाला. "काकूंचं थोडं चुकतंय," तो मला हळूच म्हणाला. ॲपला नेट लागतं, काकूंना फक्त भिंत.

पण खरा पेच पुढेच होता. आम्ही आलो होतो लोळायला, आणि रविवारी सातला निघायचं? त्यात घावन आठला तयार होणार, खोलीच्या भाड्यातच. म्हणजे एका पारड्यात साडेतीनशे वर्षांचा इतिहास, दुसऱ्यात फुकटचे घावन. नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही चाललं होतं त्याला मराठी माणसाचा अंतर्गत संघर्ष म्हणतात. शेवटी काकू म्हणाल्या, "परत आलात की गरम घालीन." इतिहास वाचला.

सकाळी समुद्र खरोखरच हटला होता. चपला हातात घेऊन ओल्या, नक्षी पडलेल्या वाळूतून आम्ही चालत गेलो. शेजारून घोडागाडी पाणी उडवत गेली. आत गणपतीचं देऊळ, रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं. तटापाशी चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा. एक तरुण जोडपं त्यांना टेकून 'मराठा आरमाराचा दरारा' असं काहीसं लिहून फोटो टाकत होतं. तोफा यॉर्कशायरच्या कारखान्यातल्या, 1849 च्या. तोवर आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी खालसा करून झालं होतं. मी काही बोलले नाही. कान्होजी आंग्र्यांचं आरमार 1729 मध्ये त्यांच्या निधनापर्यंत कुणाला हार गेलं नाही. ते यॉर्कशायरच्या तोफेलाही जाणार नाही.

परतताना किनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळेची पाटी दिसली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईत कुलाब्याला 1841 पासून चालू होत्या. मग शहरात विजेवर ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या विजेने सुया थरथरणार, नोंदी बिघडणार. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली, इमारती लोखंड टाळून बांधल्या आणि 1904 मध्ये सुया इथे आणल्या. हा जिल्हाही तेव्हा कुलाबाच म्हणवायचा. सुया कुलाब्याहून कुलाब्याला आल्या. 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. 1964 मध्ये शेवटची थांबली. सुया काही परत गेल्या नाहीत.

मुंबईला कंटाळून अलिबागला आलेला वीकेंडचा पहिला पाहुणा म्हणजे ही सुई. फरक एवढाच की तिने ट्राम मागे ठेवली. आपण ट्राम रो-रोत घालून आणतो, इथे आल्यावर तिला चार्जिंगला लावतो, आणि मग 'जरा शांत वाटत नाहीये' म्हणून पुढच्या वेळी कोर्लईला जायचं ठरवतो.

हे सगळं मी नवऱ्याला पाटीसमोर उभं राहून सांगत होते. तो "हं, हं" करत होता. त्याचा 'पाचच मिनिटांचा' कॉल चालू होता.

परतीच्या वाटेवर पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा घेतल्या. 2022 मध्ये या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याचा भावही मान वर करून बोलतो. भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत गाडीत, लॅपटॉपच्या बॅगेसकट, कांद्याचा वास मुरला. दोन दिवसांत अलिबाग आमच्यात मुरलं ते एवढंच, असं मला वाटत होतं.

सोमवारी सकाळी पाहते तर नवरा शर्टाची बटणं लावत कालनिर्णयसमोर उभा. ओठ हलत होते.

"चतुर्थी. चार पाऊण तीन. म्हणजे आज सुकती नवाला," तो म्हणाला. घड्याळात साडेआठ झाले होते. क्षणभर मला वाटलं, हा आता चपला हातात घेतो.

त्याने बूट घातले, कांद्याच्या वासाची बॅग उचलली आणि आठ बावन्नची लोकल पकडायला धावला.