खासगीपणाचे सुवर्णयुग

मोबाइल नव्हता तेव्हा आपल्यावर कुणाची पाळत नव्हती, हे अगदी खरे. गिरगावातल्या आमच्या चाळीत फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या. त्यांना चार्जिंग लागत नसे. तांदूळ निवडता निवडता जिन्यावरचा चपलांचा आवाज ओळखत. चौपाटीवर मी कुणाबरोबर भेळ खाल्ली, ही बातमी माझ्याआधी घरी पोहोचे, चटणी तिखट की गोड यासकट. तारेलाही तो वेग जमला नाही. २०१३ साली बिचारी बंदच पडली. आताचा फोन दर वेळी परवानगी मागतो. किती हा परकेपणा! शिवाय मी रोज व्यायामशाळेत जातो, असे त्याला वाटते. शेजारची वडापावची गाडी काकूंच्या नजरेतून सुटली नसती. त्यांचा मुलगा हल्ली बंगळुरूत ॲप बनवतो. कसले, ते मात्र सांगत नाही. म्हणतो, खासगी आहे.