निल खात्याची धास्ती

२०२४च्या पावसाळ्यात तेलंगणा सरकारनं दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ केलं. आधी लाखापर्यंतचं, मग दीड लाखाचं आणि पंधरा ऑगस्टला दोन लाखांचं. आमच्या आदिलाबादेत ते दिवस कापसाच्या डवरणी-फवारणीचे, मान वर करायला सवड नसलेले. तरी बँकांपुढं गर्दी झाली. आमच्या एका मामांचं खातंही त्यात निल झालं आणि मामांची झोप उडाली.

मोबाइलवर मेसेज आला होता, पासबुकात नोंद चढली होती, बाबूनं तोंडानं सांगितलं होतं, "काका, रुणमाफी झाली. आता तुमच्याकडं काही नाही. जा घरी." पण मामा काउंटर सोडीनात. "असं कसं काही नाही? व्याजाचं थोडंफार असेल की. बघा तरी!" बाबूनं परत बघितलं. काही नव्हतं. मामांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुन्या पावत्यांचा गठ्ठा काढला, रबर सोडलं, आणि त्यातली एखादी तरी उपयोगी पडते का म्हणून ते चाळत बसले. लग्नघरात कुणीच काम न सांगितलेल्या म्हाताऱ्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

हेच मामा दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या सतरंजीवर बसतात. पौलानं कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात एक जागा आहे. आपल्याविरुद्धचा कर्जरोखा देवानं खोडला आणि ख्रिस्ताच्या वधस्तंभाला खिळून टाकला, असा तिथला आशय. आमचे पाळक, म्हणजे अय्यगारू, तो भाग वाचतात तेव्हा मामांचा 'आमेन' पार रस्त्यापर्यंत ऐकू जातो. आणि सोमवारपासून मामा हप्ते भरायला लागतात! शुक्रवारचा उपास, चहा सोडणं, झोपताना पापांची उजळणी. ताप आला की हे कशाचं व्याज, याचा शोध सुरू. माफी मिळाली हे त्यांना मान्य आहे. फक्त ती आपल्याला लागू झाली आहे, हे मान्य नाही.

मामांना एकट्यांना कशाला हसायचं? बायबलमध्ये त्यांचे भाऊबंद जागोजाग भेटतात. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएली रानात बसून रडले कशासाठी, तर तिथल्या मासळीसाठी, काकड्या-खरबुजांसाठी आणि कांद्या-लसणासाठी. पाठीवरचे वळ कुणाला आठवले नाहीत, फोडणी आठवली. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात तर अशा माणसासाठी चक्क कायदाच आहे. इब्री दासाला सातव्या वर्षी सोडायचं. पण माझं धन्यावर, बायकोपोरांवर प्रेम आहे, मला जायचं नाही, असं तो म्हणाला तर धन्यानं त्याला दाराशी उभं करून आरीनं त्याचा कान टोचायचा. मग तो कायमचा त्याच घरचा.

हा अध्याय आमच्या भागात वाचताना जीभ जरा अडखळते. निजामाच्या राज्यात इथं भगेले होते. बापानं घेतलेल्या उचलीपायी पोरगा आणि पोरापायी नातू राबायचा. १९३६ साली निजाम सरकारनं भगेला करारांवर कायदा केला, १९७६ साली देशभर वेठबिगारी बंद करणारा कायदा आला. सालगडी ठेवायची चाल मात्र राहिली, पाडव्याला धरायचा, पुढच्या पाडव्याला हिशेब. साल संपतं, उचल फिटत नाही, गडी परत त्याच दारात. त्याला स्वातंत्र्य नको होतं असं म्हणायचं पाप मी करणार नाही. त्याच्या पायातली बेडी खरी होती. माझं बोलणं मामांसारख्यांबद्दल आणि माझ्यासारख्यांबद्दल आहे. आमची उचल कुणीतरी फेडून टाकली आहे आणि तरी आम्ही आरी शोधत दाराशी उभे आहोत.

या बाबतीत मला धीर देतात त्या पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यामागून तीर्थामागून तीर्थ पायी तुडवत वाढलेली ही मुलगी. घरातला पैसा दानधर्मात, व्रतांत गेला. पुण्याची शिल्लक वाढत होती म्हणावं, तर १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. पुढं कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलेल्या या बाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. गोष्ट इथं संपायला हवी होती. पण बाई तिथल्या सिस्टरांशी त्रैक्यावरून वाद घालत राहिल्या आणि १९०७च्या आपल्या साक्षीत त्यांनीच कबूल केलं की, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्यासाठी आणखी आठेक वर्षं जावी लागली. एवढी बुद्धी, एवढी हिंमत! साऱ्या महाराष्ट्राचा रोष अंगावर घेताना न डगमगलेली बाई फुकट मिळालेल्या गोष्टीपुढं अडून बसली. मला वाटतं, बुद्धिमान माणसाला तेच सगळ्यात जड जातं. वाद जिंकून मिळवता येत नाही, पाठ करून मिळत नाही, अशी वस्तू हातात घ्यायची कशी? ती हातात आली तेव्हा मात्र बाईंनी केडगावला शेकडो दुष्काळग्रस्त बायका-मुली आणून वसवल्या. सुटलेल्या माणसाचे हात मोकळे असतात, हे बाकी खरं.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ याच जातकुळीतला. बाप म्हणतो, माझं सगळं तुझंच आहे. हा म्हणतो, इतकी वर्षं राबलो त्याचं एक करडूही नाही मिळालं. पोरगा असून सालगड्याचा हिशेब! धाकट्याला माफी मिळाली याचं त्याला दुःख नाही फारसं. माफीनं दोघांची खाती सारखी झाली, हे त्याला सोसत नाही. खाती सगळ्यांचीच निल, तर मग शेजाऱ्यापेक्षा आपण मोठे ठरायचं कशावर?

याची सोय आमच्या मंडळीनं पंख्यांवर केली आहे. चर्चमधल्या प्रत्येक पंख्याच्या पात्यावर लाल रंगात दात्याचं नाव, गाव आणि तारीख. अय्यगारूंनी मागं एकदा सुचवलं की, रंगरंगोटी निघालीच आहे तर नावं पुसून टाकू, देवाला माहीत आहेत. मंडळी गप्प झाली. मग एकजण म्हणाला, देवाला आहेत हो, पण नातवंडांना नकोत का? नावं राहिली. आता अडचण इतकीच की, एप्रिल-मेमध्ये आदिलाबाद पेटलेलं असतं, पंखे चालवावेच लागतात, आणि फिरत्या पात्यावरचं नाव कुणाच्या बापाला वाचता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र इथं तेलंगणातली कडाक्याची थंडी पडते आणि पंखे बंद असतात. मामांचा पंखा तिसरा, खिडकीजवळचा. थंडीत ते बरोबर त्याच्याखाली बसतात आणि प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटले की वर बघतात.